जवाईबुवांच्या वर गारबाटली

मला हे सांगायचं नव्हतं. श्वेता दोन महिन्यांपासून मागं लागली आहे, "सुदामकाका, दुकानाचे किस्से लिहून द्या, वेबसाईटवर टाकते." म्हटलं, बाई, चौथी शिकलेल्या माणसाकडून कोण लिहून घेतं? तर म्हणते, "तुमी बोलता तसंच लिहा." बोलतो तसं लिहिलं, तर म्हणते, "काका, 'मले' नका लिहू, पुण्याचे लोक हसतात." म्हणजे मेहनत माझी अन् हसणार पुणं! असो. इथं 'मला' लिहितो. तोंडानं मी 'मले'च म्हणतो.

अमरावतीत बडनेरा रोडला नानासाहेबांचं वाईन शॉप आहे. त्या काउंटरवर उभं राहून माझे केस पांढरे झाले. आता गुडघे गेले, म्हणून स्टुलावर बसतो. दुकानामागं रिकामे खोके साचतात ना, तसे हे किस्से साचतात. कोणी फेकत नाही, कोणी नेतही नाही, अन् एक दिवस मागचं दारच उघडत नाही. तर घ्या, थोडे कमी करतो.

*

श्वेता म्हणजे नानासाहेबांची पोरगी. हॉटेलचं शिक्षण पुण्यात, मग तीन वर्षं मोठ्या जहाजावर नोकरी. तिथं तिला शॅम्पेनचं वेड लागलं. पिण्याचं नाही हो, समजून घेण्याचं! परत आली ती सांगतच आली. फ्रान्सात शॅम्पेन नावाचा मुलूख आहे, तिथली जमीन खडूची, तिथल्याच द्राक्षांची ती खरी शॅम्पेन. बाकी सगळी नुसती फेसाची दारू.

मी म्हटलं, "हाव, समजलं. वरुडचा संत्रा तो संत्रा. बाकीचं फळ."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "काका, हे समजायला आम्हाला एक सेमिस्टर लागलं!"

तिला वेबसाईट काढायची होती. महागातल्या महाग शॅम्पेनबद्दल मराठीत खरं-खरं लिहायचं, कोणाची जाहिरात घ्यायची नाही, कोणाचं मिंधं राहायचं नाही. पण नाव सुचेना. रोज एक फ्रेंच नाव घेऊन यायची. मला एकेक नाव घशात अडकलेल्या बोराच्या बीसारखं वाटायचं.

मे महिना. बाहेर रोड वितळून राहिलेला. एक गिऱ्हाईक घामानं निथळत आलं.

मी विचारलं, "कोनती देऊ?"

"कोनतीबी द्या काकाजी, पण गार बाटली द्या!"

मी मागं तोंड करून ओरडलो, "गार बाटली!" चाळीस वर्षं हेच ओरडत आलो.

श्वेता खुर्चीवरून उठली. "काका, हेच!"

"हेच काय? त्याले आधी देऊ तं दे!"

गारबाटली डॉट इन. बारसं मी केलं, पण घुगऱ्या कोणी दिल्या नाहीत.

*

दुकानात वरच्या फळीवर शॅम्पेनची एक बाटली आहे. एकच. नानासाहेबांनी श्वेताच्या हौसेखातर आणलेली, चांगल्यातली. तिचा डबा असा, की आत मखमल. आमच्याकडे नवरीच्या पाटल्यांनाही असा डबा नसतो. रोज सकाळी मी आधी देवाचा फोटो पुसतो, मग तो डबा. घ्यायला कोणी येत नाही, पाहायला मात्र अकोटवरून येतात.

अकोटचे एक पाटील आले. कापसाच्या जिनिंगवाले, बोटात चार अंगठ्या. पोराच्या लग्नात काहीतरी भारी पाहिजे म्हणाले. मी डबा काढला, मखमल दाखवली, बाटली दाखवली. पाटील खूश!

"किती लोकायले पुरते?"

"सहा ग्लास निघतात."

"सहा?" पाटलांनी बाटली अशी खाली ठेवली जशी ती चावली. "अन् बाकीचं गाव काय माह्याकडे पाहात बसन?"

मग म्हणाले, "असं करा, डबा तेवढा द्या."

*

ती कशी उघडायची हे श्वेतानं मला शिकवलं. दुसऱ्या, साध्या बाटलीवर. म्हणाली, "काका, बूच फिरवायचं नाही. बूच एका हातानं घट्ट धरायचं अन् बाटली फिरवायची. आवाज आला नाही पाहिजे. नुसता सुस्कारा आला पाहिजे."

मी म्हटलं, "आवाज नाई आला तं लोकायले कसं समजन का आपण पैशावाले आहो?"

पहिल्या वेळी बूच पंख्याला लागलं. दुसऱ्या वेळी नानासाहेबांना. ते गल्ल्यावर डोळे मिटून बसले होते. उठून म्हणाले, "कोन आलं?"

तिसऱ्या वेळी जमलं. श्वेतानं घोटभर ग्लासात दिली. "कशी आहे?"

"आंबट आहे. पण मागून भाजलेल्या पोळीचा वास येते."

बस्स! तिनं तेच लिहून टाकलं. खाली माझं नाव. चार दिवसांनी म्हणे परदेशातल्या एका बाईनं लिहून पाठवलं, की पोळीचा वास बरोबर आहे, आम्ही त्याला ब्रेडचा वास म्हणतो. मी म्हटलं, "म्हणा. तुमच्याकडं पोळी नसन."

*

मग मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आला. कंपनीचं नाव मी घेत नाही, माझी जीभ स्वस्त नाही. कडक उन्हात सूट घालून आलेला. त्यांनी नवीन फेसाची दारू काढली होती. सोबत सहा बाटल्यांचा खोका, वर रिबीन.

"मॅडम, ही आमची भेट. जरा छान लिहा."

श्वेता म्हणाली, "मी विकत घेऊन पिते. मग जे वाटतं ते लिहिते."

"पण ही फुकट आहे!"

"म्हणून तं नको ना."

माणूस माझ्याकडे वळला. त्याला वाटलं, म्हातारा आहे, पटेल. म्हणाला, "काका, तुम्ही तरी समजावा."

मी म्हटलं, "समजावतो. खोका असा उचला, गुडघ्यात वाका, कमरेले जपा. तुमची गाडी लांब उभी आहे."

गेला. श्वेतानं त्यांचीच एक बाटली विकत आणवली, प्यायली, अन् लिहिलं, 'गार असेपर्यंत ठीक आहे.' एवढंच. खोटं नव्हतं. पण त्या कंपनीला ते झोंबलं, अन् कसं झोंबलं ते पुढं येतं. त्याच्याआधी लग्न सांगावं लागेल, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

*

हे लग्न सहा वर्षांपूर्वीचं, त्या सूटवाल्याच्याही आधीचं. श्वेताचा भाऊ निखिल, त्याचं लग्न. पत्रिकेचा मजकूर प्रेसमध्ये जाऊन सांगायचं काम माझ्याकडे. नानासाहेब म्हणाले होते, "सुदाम, घरचं कोनी सुटू देऊ नको. पोरीचंही जे आहे ते टाक."

आता तुम्हीच सांगा. पत्रिकेत सगळ्यात खाली 'प्रतिष्ठान' म्हणून घरचे धंदे छापतात. वाईन शॉप मी तिथं टाकलं. पण गारबाटली धंदा थोडीच आहे? ती काही विकत नाही. पोरगी सकाळी उठून आधी तिला पाहते, तिच्याशी बोलते, ती बंद पडली की जेवत नाही. ते घरचं माणूस झालं! म्हणून 'आपले नम्र' खाली मी ओळीनं सांगितलं. नानासाहेब. मग श्वेता. मग गारबाटली डॉट इन. मग मधुकरराव वकील, अकोला.

हे मधुकरराव म्हणजे नानासाहेबांच्या मोठ्या बहिणीचे यजमान. घरचे मोठे जवाई. वय अडुसष्ट, तरी जवाई! आमच्याकडे जवाई म्हातारा होतो, जुना होत नाही.

लग्नाच्या दिवशी मधुकरराव मांडवापर्यंत आले, पण गाडीतून उतरेनात. काचा वर, एसी चालू, मांडीवर पत्रिका. नानासाहेब गेले, श्वेताची आई गेली, नवरदेवाला पाठवलं, नवरीच्या बापालाही पाठवलं. काच चार बोटं खाली आली.

"मले काहून बोलावता? आधी तुमच्या गारबाटलीले जेवू घाला. तिचा मान मोठा! ती उठली का मंग मी बसतो!"

नवरीच्या बापाला वाटलं, गारबाटली ही घरातली कोणी म्हातारी आत्या असेल. तो बिचारा मांडवभर विचारत फिरला, "आत्याबाई जेवल्या का?"

शेवटी मी गेलो. म्हटलं, चूक माझी असेल तर मी बोलतो. मधुकरराव गाडीतून उतरले. मला वाटलं मिटलं. त्यांनी चारशे लोकांदेखत माझ्याकडे बोट केलं अन् ओरडले, "या अंगठेबहाद्दराच्या हातात पत्रिका देता तुमी? याले अक्षराची ओळख नाई, नात्याची कुठून राहीन?"

मी सही करतो. पहिलीपासून सही करतो. मोडी नाही, इंग्रजी नाही, पण सुदाम लिहितो, अन् ते वाचता येतं.

मधुकरराव न जेवता अकोल्याला गेले.

*

चार दिवसांनी रजिस्टर पोस्टानं जाड पाकीट आलं. पाठवणार, मधुकरराव वकील, अकोला. काय लिहिलं असेल हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण पाठवण्याआधी त्यांनी ते फोनवर अर्ध्या जिल्ह्याला वाचून दाखवलं होतं.

नानासाहेबांनी सही करून पाकीट घेतलं, उलटं-सुलटं केलं अन् माझ्याकडे दिलं.

"उघडू?" मी विचारलं.

"नको बाप्पा! उघडलं का वाचा लागते, वाचलं का उत्तर द्या लागते, अन् उत्तर देलं का माह्या बहिणीचं माहेर तुटते. ठेव कुठंतरी."

"कुठं?"

"जिथं कोनी हात लावत नाई तिथं."

माझ्या फडक्याशिवाय कोणाचा हात लागत नाही अशी दुकानात एकच जागा. वरची फळी, शॅम्पेनचा डबा. तो डबा तसाही जरा डुगडुगत होता. पाकीट खाली घातलं, डबा पक्का बसला. सहा वर्षं जवाईबुवांचा राग असा कामी आला.

*

यंदा त्या मुंबईच्या कंपनीनं श्वेताला नोटीस पाठवली. त्यांनी आता 'गारबाटली' नावानंच फेसाची दारू बाजारात आणली होती, अन् म्हणत होते, नाव आमचं, चार वर्षांपूर्वी आम्ही अर्ज केला, ही बाई आमचं नाव बळकावून बसली आहे, वेबसाईटचा पत्ता आमच्या हवाली करा.

मी श्वेताला विचारलं, "हे डोमेन-डोमेन म्हणतात ते काय राहते?"

"काका, ग्रामपंचायतीतला घर नंबर समजा. घर आपण बांधलं, पण नंबर दुसऱ्याच्या नावावर चढला तर आपल्याकडे येणारा माणूस त्याच्या दारात जाईल. अन् तो तिथं स्वतःची दारू विकेल. माझ्या नावानं."

एवढं बोलून तिनं लॅपटॉप मिटला. जहाजावर वादळ पाहिलेली पोरगी ती! सात वर्षं लिहिलेलं, एका कंपनीचा मिंधेपणा न घेता लिहिलेलं, ते त्यांच्या दारात जाणार होतं. त्या आठवड्यात तिनं एक ओळ लिहिली नाही.

निकाल एक पंच देणार होते. त्यांना दाखवायचं होतं, की कंपनीच्या अर्जाच्या आधीपासून हे नाव आमचं आहे. नुसती नाव नोंदवल्याची तारीख पुरत नाही म्हणे, नाव वापरात होतं हे दिसलं पाहिजे. पण जुनं लिखाण ज्या कॉम्प्युटरवर होतं, तोच मधे केव्हातरी कायमचा बंद पडला होता. पहिल्या तीन वर्षांचा कागद नाही, पुरावा नाही.

मी म्हटलं, "पत्रिका आहे ना!"

पत्रिका पाठवली. कंपनीच्या वकिलानं उत्तर दिलं, 'लग्नाची पत्रिका आजही छापून मिळते.'

मी म्हटलं, "मिळते. पण तिच्यापायी रुसलेला जवाई छापून मिळते का?"

मी हे रागात बोललो. श्वेता मात्र हळूच वळली अन् वरच्या फळीकडे पाहायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी श्वेता अन् मी अकोल्याला निघालो. एसटीनं. मूर्तिजापूरपर्यंत मी तिला सांगत होतो, की मी दारात थांबतो, आत येत नाही. मूर्तिजापूरच्या पुढं ती म्हणाली, "काका, तुमी आत नाही आले तर मीपण जात नाही." अशी जिद्दी.

मधुकररावांनी दार उघडलं. सहा वर्षांनी पाहिलं. म्हातारे झाले होते. मी तर काय, आधीपासून होतो.

"याले कशाले आणलं?" पहिलं वाक्य हे!

मागून आत्याबाई, म्हणजे नानासाहेबांच्या बहीणबाई, आल्या. "अहो, आधी पानी तं विचारा!"

श्वेतानं सगळं सांगितलं. मधुकरराव डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माह्या पत्रातल्या तारखेचं म्हणशीन तं ठीक. पण ते उघडून, वाचून, किती हातातून गेलं असन. कंपनीचा वकील म्हणन, मागून कागद बदलला."

श्वेता खाली पाहायला लागली. मग म्हणाली (आमच्याकडे आत्याच्या यजमानांनाही मामाजीच म्हणतात), "मामाजी, बाबांनी ते उघडलंच नाही."

"काय?"

"तसंच आहे. पाकीटबंद."

मला वाटलं आता स्फोट होतो. सहा वर्षं माणूस उत्तराची वाट पाहतो अन् इकडे पत्र वाचलंच नाही! पण मधुकररावांचा चेहरा असा उजळला, जसा पोराचा पहिला नंबर आला.

"पाकीटबंद? पोस्टाचा शिक्का आहे? सील फुटलं नाई?" उठून उभे राहिले. "हात लावू नका! कोनी हात लावू नका! कुठं ठेवलं?"

"शॅम्पेनखाली," मी म्हटलं.

"मी ही केस चालवतो. एक अट. यानं माफी मागा लागन."

"मी? मांडवात शिवी तुमी देली, माफी मी मागू? तुमी मागा!"

"पत्रिका कोनं बिघडवली?"

"चारशे लोकायदेखत कोन ओरडलं?"

आत्याबाईंनी चहाचा ट्रे टेबलावर आपटला. "दोघंही नका मागू! पोरीचं काम करा! अन् चहा घ्या, थंडा होऊन राहिला!"

*

निकाल आमच्या बाजूनं लागला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही शेवटची ओळ पाहायला घाई करणार नाही. खरी मजा सुनावणीच्या दिवशीची.

सुनावणी व्हिडिओवर होती. सकाळी अकराला दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवला, शटर अर्धं ओढलं. मधुकरराव काळा कोट घालून आलेले, गळ्याला पांढरी पट्टी. मी स्टुलावर. पडद्यावर पंच, नागपूरकडचे, मराठी समजणारे. दुसऱ्या चौकटीत कंपनीचा वकील, मागं मोठी काचेची खिडकी.

श्वेतानं फळीवरचा डबा उचलला. खालून पाकीट निघालं. त्याच्यावर डब्याचा चौकोनी डाग, वर धुळीची रेघ. पंचांना पोस्टाचा शिक्का दाखवला, चारही बाजू दाखवल्या, चिकटपट्टी दाखवली. मग त्यांच्यासमोर ते फोडलं.

मधुकरराव उभे राहून वाचायला लागले. स्वतःचंच पत्र, सहा वर्षांनी!

"कलम एक. सदरहू पत्रिकेत 'आपले नम्र' या सदराखाली 'गारबाटली डॉट इन' हे नाव खाली सही करणार याच्या नावाच्या वर छापण्यात आलेले आहे. कलम दोन. सदरहू गारबाटली ही आपल्या कुळातील नसून तिचे आमच्याशी रक्ताचे वा सोयरिकीचे कोणतेही नाते नाही. ती श्वेता हिने चालविलेली वेबसाईट असून तीवर ती शॅम्पेन नावाच्या दारूविषयी लिहीत असते, हे मला समक्ष ठाऊक आहे. कलम चार..."

"तीन राहिलं!" मी म्हटलं.

मधुकरराव खोकले. "ते या प्रकरणाशी संबंधित नाही."

"दोनानंतर तीन येते, एवढं चौथीत शिकवलं मले!"

पंच म्हणाले, "वकीलसाहेब, पूर्ण वाचा."

मधुकररावांनी चष्मा पुसला. हळू आवाजात वाचलं, "कलम तीन. सदर मजकूर सांगणारा सुदाम हा अंगठेबहाद्दर इसम असून त्यास नात्यागोत्याची अक्कल नाही."

कंपनीचा वकील त्याच्या चौकटीत पुढं सरकला. "साहेब, हे तर घरचेच लोक आहेत! घरच्यांच्या फायद्यासाठी कोणीही पत्र लिहील!"

पंच हसले. "घरच्यांच्या फायद्यासाठी असं पत्र कोणी लिहीत नाही." मग विचारलं, "हे सुदाम कोण?"

"मी."

"तुम्ही वेबसाईटचं नाव नातेवाइकांत कसं काय टाकलं?"

"साहेब, धंदा असता तं खाली टाकला असता. पोरगी सकाळी उठून आधी त्याच्याकडं पाहते. त्याले काही झालं तं तिच्या घशाखाली घास उतरत नाई. मंग ते घरचं नाई तं काय?"

पंचांनी ते लिहून घेतलं. श्वेता डबा पोटाशी धरून उभी होती. मग ते मधुकररावांकडे वळले.

"वकीलसाहेब, तुम्ही लेखी दिलं आहे, की गारबाटलीशी तुमचं नातं नाही. अन् आज तिचंच वकीलपत्र घेऊन उभे आहात. आज तुमचं म्हणणं काय?"

मधुकररावांनी पत्राची घडी घातली. एकदा श्वेताकडे पाहिलं. कोट सारखा केला.

"नातं आहे, साहेब. अन् तिचं नाव माझ्या वरच राहील."

म्हणजे कलम एक मिटलं. कलम दोन त्यांनी स्वतः मागं घेतलं. कलम चारात काय होतं ते कोणी विचारलंच नाही. कलम तीन अजून तसंच आहे, पंचांच्या फायलीत, पोस्टाच्या शिक्क्यासकट. माफी कोणाकडून यायची राहिली त्याचं नाव मी, सही करणारा सुदाम, खाली लिहून ठेवतो, म्हणजे कोणी विचारायला नको.

मधुकरराव वकील, अकोला.